रक्तातील विळा

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला आणि आम्ही ‘प्रथिनांची घडण व त्यांचे कार्य’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यांचे चुकले असे नव्हे. गेली तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करीत आहोत. बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी कामगारांची हजेरी, हे आमचे विषय. शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही आले ते वाचनालयातून, आणि ज्यांना प्रश्न विचारताना लाज वाटत नाही अशांना जे डॉक्टर आणि प्राध्यापक उत्तरे देतात त्यांच्याकडून. तेव्हा या विषयावर अधिकाराने बोलण्याचा आमचा दावा नाही. आमच्या घरी एक कागद होता आणि तो आम्हांस वाचता येत नव्हता, एवढेच या व्याख्यानाचे कारण आहे.

आमचे थोरले बंधू १९८२ साली नागपुरातील एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. अंगाने किरकोळ, डोळ्यांत कायमची पिवळसर झाक, आणि महिना दीड महिन्याने एकदा हातपाय असे दुखत की धडधाकट वयाचा माणूस अंथरुणावर लोळून ओरडे. ‘हाडात कोणी गिरमिट फिरवून रायला,’ असे ते म्हणत. आई म्हणे, वात आहे. शेजारी म्हणत, बाहेरचे काही आहे. चारपाच दिवसांनी कळ ओसरे, बंधू उठून पाळीवर जात, आणि नेमके हेच त्यांच्या अंगाशी येई. काल मरायला टेकलेला माणूस आज साच्यावर उभा राहतो, त्याअर्थी कालचे दुखणे सोंग होते, असा जॉबरचा सरळ हिशेब. मस्टरवर खाडे वाढत गेले, नावापुढे ‘कामचोर’ हा शेरा पडला आणि १९९१ साली नाव कापले गेले. युनियन भांडली काय? भांडली. पण भांडताना ‘या वेळी माफ करा’ असे म्हणाली. म्हणजे गुन्हा आपणच कबूल करून मोकळी झाली.

वास्तविक १९८८ सालीच मेडिकलमध्ये बंधूंचे रक्त तपासले गेले होते आणि कागदावर दोन अक्षरे आली होती: एसएस. तो कागद आमच्या घरच्या ट्रंकेत तीन वर्षे पडून राहिला. तो व्यवस्थापनापुढे ठेवावा हे आम्हां कोणासही सुचले नाही, कारण त्या दोन अक्षरांत काय लिहिले आहे हे आम्हांस कळत नव्हते. आज विदर्भातील वस्त्यावस्त्यांतून ‘त्याचा एसएस पॅटर्न आहे’, ‘तिचा एएस निघाला’ अशी भाषा ऐकू येते. ही अक्षरे कोठून आली, त्यांचा इतिहास काय, तो आज सांगावयाचा आहे.

आधी प्रथिन म्हणजे काय ते पाहू. डाळीत, अंड्यात प्रथिने असतात हे आपण शाळेत शिकलो. म्हणून प्रथिन म्हणजे एक प्रकारचे अन्न अशी आपली समजूत होते. ती अपुरी आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक काम करणारा जो मजूर आहे, तो प्रथिनाचा बनलेला आहे. वीस प्रकारची अमिनो आम्ले हे मणी समजा. ते एका ठराविक क्रमाने ओवले की माळ होते. पण माळ सरळ राहत नाही. काही मणी पाण्यास भितात, ते आत दडतात. काहींवर धन वा ऋण विद्युतभार असतो, ते बाहेर पाण्याकडे तोंड करून बसतात. अशी वळत, गुंतत ती माळ स्वतःच एका निश्चित आकाराला येते. त्या आकारावर तिचे काम ठरते. ज्यांनी साचा चालविला आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. धोटा दोन सूत जाड झाला तर तो धोटाच असतो, पण कापड विणीत नाही.

या प्रथिनांतील मोठा वर्ग म्हणजे एन्झाइमे. आपली क्रमिक पुस्तके त्यांस विकरे म्हणतात. एकेका विकराला एकेकच काम येते, पण ते काम ते क्षणात शेकडो वेळा करते आणि स्वतः खर्ची पडत नाही. ट्रिप्सिन नावाचे विकर घ्या. ते स्वादुपिंडात तयार होते, लहान आतड्यात उतरते आणि आपण खाल्लेल्या प्रथिनांच्या माळा तोडते. पण कोठेही नाही. त्याच्या अंगात एक अरुंद खळगा आहे आणि खळग्याच्या तळाशी ऋण भार आहे. लायसीन आणि आर्जिनीन या दोन मण्यांना लांब हात असतो आणि हाताच्या टोकाशी धन भार. तो हात त्या खळग्यात बरोबर बसतो आणि त्या मण्याच्या पुढे माळ तुटते. बाकीच्या मण्यांपाशी ट्रिप्सिन थांबतही नाही. ही कात्री पुढे आपल्या कथेत येणार आहे.

तिच्यावरून एका मराठी बाईची आठवण येथे सांगून टाकतो. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांस आधी नकार दिला होता. त्यांनी हट्ट सोडला नाही. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. सायटोक्रोम सी हे श्वसनाच्या कामातील प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी तेथे दाखविले. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत आपल्याकडील कडधान्यांवर काम करताना, कच्च्या डाळीत ट्रिप्सिनला अडविणारे पदार्थ असतात याचाही त्यांनी अभ्यास केला. डाळ नीट शिजवून खावी, या आपल्या आजीच्या आग्रहामागे ट्रिप्सिनचा खळगा होता.

आता रक्ताकडे वळू. रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन हे प्रथिनच आहे, पण ते विकर नव्हे, कारण ते कशाची मोडतोड करीत नाही. ते हमाल आहे. फुप्फुसात प्राणवायू उचलावयाचा आणि हातापायांच्या स्नायूंत नेऊन टाकावयाचा. चार माळा मिळून एक हिमोग्लोबिन होते: अल्फा नावाच्या दोन, प्रत्येकी १४१ मण्यांच्या, आणि बीटा नावाच्या दोन, प्रत्येकी १४६ मण्यांच्या. प्रत्येक माळेच्या कुशीत लोहाचा एक अणू. त्यावर प्राणवायू बसतो. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी हमाल दाटीवाटीने भरलेले असतात. एकाने एक ओझे उचलले की त्याचा आकार किंचित बदलतो आणि दुसरे, तिसरे ओझे उचलणे सोपे जाते. आकार पालटून काम साधण्याची ही रीत विकरांतही आढळते, म्हणून काही शास्त्रज्ञ थट्टेने हिमोग्लोबिनला ‘मानद’ विकर म्हणत. हमालाला मान मिळाल्याचे हे एवढेच उदाहरण आमच्या पाहण्यात आहे.

कथेचा आरंभ १९०४ साली होतो. वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटावरचा वॉल्टर क्लेमंट नोएल हा वीस वर्षांचा कृष्णवर्णी तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोस आला. त्या वर्षाच्या अखेरीस तो तेथील रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा वाटोळ्या पेशींच्या जागी लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ही हकीकत प्रसिद्ध केली. नोएलचे नाव त्या लेखात नाही. तो मात्र आजारपणे काढीत परीक्षा उत्तीर्ण झाला, आपल्या बेटावर परतला, दवाखाना चालविला आणि १९१६ साली न्यूमोनियाने वारला, वय ३२. १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी या आजारास ‘सिकलसेल’ म्हणजे विळापेशीचा पांडुरोग हे नाव दिले. आमच्या चळवळीत विळ्याला निराळाच मान आहे. तो रक्तात शिरून माणसाला आतून कापतो हे आम्हांस फार उशिरा कळले.

त्यानंतर बरीच वर्षे डॉक्टर मंडळी पेशीच्या आकाराकडेच पाहत राहिली. १९४५ साली विल्यम कॅसल या डॉक्टरांनी बोलता बोलता रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांस सांगितले की, या रुग्णांच्या पेशी प्राणवायू उतरला की वाकड्या होतात. पॉलिंग यांच्या मनात आले: प्राणवायूशी संबंध फक्त हिमोग्लोबिनचा, तेव्हा दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या घडणीत असला पाहिजे. हे पडताळून पाहण्याचे काम त्यांनी कॅलिफोर्नियातील आपल्या प्रयोगशाळेत हार्वे इटानो या तरुण डॉक्टरवर सोपविले.

हा इटानो कोण? जपानी आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेला. १९४२ साली बर्कलीच्या विद्यापीठात तो सर्वांत पहिला आला, पण पदक घ्यावयास समारंभाला जाऊ शकला नाही, कारण युद्धामुळे जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकन सरकारने छावण्यांत डांबले होते आणि तो त्यांत होता. अशा माणसाने रोगी आणि निरोगी माणसांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवून पाहिले. दोन्ही निरनिराळ्या गतीने सरकली. ज्यांच्या आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला असतो, त्यांच्या रक्तात दोन्ही प्रकार मिसळलेले निघाले. निरोगी प्रकारास ‘ए’ आणि विळ्याच्या प्रकारास ‘एस’ अशी खूण पडली. एका बाजूने ए आणि दुसऱ्या बाजूने एस आला तर माणूस एएस, म्हणजे वाहक. तो एरवी ठणठणीत असतो. दोन्हीकडून एस आला तर एसएस. आमच्या ट्रंकेतील दोन अक्षरे ती हीच.

पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांचा तो लेख २५ नोव्हेंबर १९४९ रोजी प्रसिद्ध झाला. एका रेणूची घडण बिघडल्याने अख्खा माणूस आजारी पडतो, हे जगात पहिल्यांदा सिद्ध झाले. पण बिघाड नेमका कोठे, हे अजून कळावयाचे होते.

ते केंब्रिजमध्ये कळले, आणि तेथेही माणसे निर्वासितच. हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून त्याचा आकार शोधण्यात मॅक्स पेरुट्झ यांनी दोन दशके घालविली. ऑस्ट्रियातून आलेले म्हणून १९४० साली ब्रिटिश सरकारने त्यांस कैद करून कॅनडास धाडले होते. त्यांच्याच प्रयोगशाळेत व्हर्नन इंग्रॅम हा लहानपणी जर्मनीतून पळून आलेला तरुण काम करी. त्याच्यापुढे अडचण अशी की, अल्फा आणि बीटा मिळून सुमारे ३०० मणी. त्यांतील एखाददुसराच बदलला असेल तर तो सापडावा कसा? त्या काळी माळेतील मणी एकामागून एक वाचणे हे वर्षानुवर्षांचे काम होते. फ्रेडरिक सँगर यांस इन्सुलिनच्या अवघ्या ५१ मण्यांसाठी सुमारे दहा वर्षे लागली होती.

इंग्रॅमने युक्ती केली. त्याने दोन्ही हिमोग्लोबिनांवर ट्रिप्सिनची कात्री चालविली. ट्रिप्सिन ठराविक जागीच तोडते, म्हणून दोन्हींचे सारखेच, सुमारे तीस तुकडे पडले. ते तुकडे त्याने ओल्या कागदावर एका बाजूने विजेने आणि आडव्या बाजूने द्रावणाने पसरविले. कागदावर ठिपके उमटले, जणू अंगठ्याचा ठसा. दोन कागद शेजारी ठेवले. सगळे ठिपके जागच्या जागी. एक मात्र सरकलेला. आमच्यासारख्या, ज्यांच्या आधीच्या पिढीने आयुष्यभर अंगठेच उठविले, त्यांस या पद्धतीचे नाव ‘बोटांचे ठसे’ असे ठेवलेले वाचून गंमत वाटली. पुढे १९५७ साली त्याने तो एक तुकडा उलगडला: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. बीटा माळेतील सहावा मणी. बाकी सारी माळ तीच. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलीनवर काहीच नसतो. इटानोच्या नळीत दोन हिमोग्लोबिने निरनिराळ्या गतीने का सरकली, याचेही उत्तर यात मिळाले.

सरकलेल्या ठिपक्याविषयीचा इंग्रॅमचा पहिला लेख १३ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात आला. नागपूरकरांस पुढची तारीख सांगावयास नको. दुसऱ्याच दिवशी, १४ ऑक्टोबरला, या शहरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी त्या मैदानावर उभ्या असलेल्या लोकांपैकी कितीजणांच्या रक्तात तो सहावा मणी होता, आणि तो मणी काय आहे हे जगाला आदल्याच दिवशी कळू लागले होते, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

एक मणी बदलल्याने एवढे का व्हावे? व्हॅलीन पाण्यास भिणारा मणी आहे आणि तो हिमोग्लोबिनच्या बाहेरच्या अंगावर येऊन बसला आहे. प्राणवायूचे ओझे उतरले की हिमोग्लोबिनचा आकार पालटतो आणि शेजाऱ्याच्या बीटा माळेत एक खाच उघडी पडते. व्हॅलीन त्या खाचेत जाऊन अडकतो. त्याला तिसरा अडकतो, त्याला चौथा. हमाल ओझे टाकून एकमेकांचे हात धरतात आणि त्यांचे दोर वळले जातात. चौदा पेडांचा एक दोर. हे दोर पेशीला आतून ताणून विळ्याचा आकार देतात. निरोगी तांबडी पेशी आठ सहस्रांश मिलिमीटर रुंद असूनही लवचीक असल्याने तिच्याहून बारीक केशवाहिनीतून दुमडून जाते. ही ताठर पेशी जात नाही. मार्ग तुंबतो, पलीकडच्या हाडाला, स्नायूला, फुप्फुसाला प्राणवायू मिळत नाही, आणि जी कळ येते ती गिरमिटाची. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही दहावीस दिवसांत फुटते. म्हणून पांडुरोग, म्हणून डोळ्यांतील पिवळी झाक.

पुढील गोष्ट आम्हांस कामगाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटते. ओझे उतरल्याबरोबर लगेच दोर वळत नाहीत. मध्ये थोडा अवधी जातो. त्या अवधीत पेशी फुप्फुसाकडे परतली, तर तिला प्राणवायू मिळून संकट टळते. हॉफरिख्टर, रॉस आणि ईटन यांनी १९७४ साली हा अवधी मोजला आणि त्यांस असे दिसले की, हिमोग्लोबिनचा दाटपणा किंचित वाढला तरी तो अवधी कितीतरी पटींनी घटतो. पेशीतील दाटपणा वाढतो केव्हा? शरीरातले पाणी कमी झाले की. आता नागपूरचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पत्र्याचे छप्पर, बाहेर ४५ अंश, आत यंत्रांची उष्णता, आणि पाण्याचा माठ खात्याच्या दुसऱ्या टोकाला. बायांची तर आणखी एक अडचण: संडासची सोय नाही म्हणून त्या मुद्दाम पाणी पीत नाहीत. पिण्याचे पाणी आणि संडास या मागण्या आम्ही वर्षानुवर्षे मागणीपत्रकाच्या शेवटी लिहीत आलो, आणि तडजोडीच्या वेळी त्याच प्रथम सोडीत आलो. बंधूंच्या कळा उन्हाळ्यात का वाढत, हे १९७४ साली छापून झाले होते.

भारतात हा विकार आहे, हे प्रथम १९५२ साली नोंदले गेले: एकीकडे लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत, दुसरीकडे डनलॉप आणि मजुमदार यांनी अपर आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत. पाठोपाठ नागपूर आले. येथील मेडिकल कॉलेजातील शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील विळापेशीविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, आणि त्याच वर्षी परांडे यांच्यासह ‘ब्लड’ या अमेरिकन नियतकालिकात भारतातील रुग्णांविषयी लेख प्रसिद्ध केला. इंग्रॅमने मणी ओळखल्यास जेमतेम वर्ष झाले होते. आपल्या शहरातील डॉक्टर जगाच्या मागे नव्हते. मागे राहिली ती त्यांच्या प्रयोगशाळेपासून आमच्या वस्तीपर्यंतची वाट. ती चालून यावयास ज्ञानाला तीस वर्षे लागली, आणि ते आले तेही न वाचता येणारा कागद होऊन. याचा दोष डॉक्टरांवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. १९५८ ते १९९१ पर्यंतच्या काळात आमच्या युनियनने दारूबंदीपासून अणुबाँबपर्यंत सर्व विषयांवर ठराव केले. या आजारावर एकही नाही.

हा विकार येथेच का? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखविले की, एएस असलेल्या मुलांना प्राणघातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे हिवताप पिढ्यान् पिढ्या माणसे नेत होता, तेथे एस अक्षर टिकून राहिले, कारण ते एकेकटे असता जीव वाचवीत होते. आपल्याकडची जंगले, तलाव आणि भातखाचरे पाहता यात नवल नाही. विदर्भातील आणि खानदेशातील काही आदिवासी समाजांत वाहकांचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर आढळले आहे. आमच्या शहरात हा ‘अमक्या समाजाचा आजार’ असे सर्रास बोलले जाते, तेव्हा आम्ही बोलणाऱ्यास दोन गोष्टी ऐकवितो. एक, नागपूरच्या सुरुवातीच्या तपासण्यांतच महार, कुणबी, तेली अशा अनेक समाजांत हे अक्षर सापडले होते. दुसरी, डासाने चावण्यापूर्वी कोणाची जात विचारल्याचे आम्ही ऐकले नाही. जात येते ती नंतर: एकाच समाजात लग्ने होत राहिल्याने एस ला एस भेटण्याचा संभव वाढतो. म्हणजे डासाने दिलेली ठेव जातीच्या तिजोरीत सांभाळली गेली.

आईबाप दोघेही एएस असतील तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारांत एक संभव एसएसचा. आमचे आईवडील तसे होते. बंधू एसएस, आम्ही एएस. पोट एकच, घर एकच, भाकर एकच. एकाला सहावा मणी दोन्हीकडून मिळाला, दुसऱ्याला एकाच बाजूने. बंधू १९९९ साली वारले. वय ३६, नोएलहून चार वर्षे अधिक.

औषधाचे पाहता, हायड्रॉक्सियुरिया या गोळीला अमेरिकेत या आजारासाठी १९९८ साली मान्यता मिळाली. डीएनएचा कच्चा माल तयार करणाऱ्या एका विकराला ती अडविते, आणि शरीर त्या धक्क्याने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा अधिक बनवू लागते. त्या हिमोग्लोबिनात बीटा माळच नसते, म्हणून ते दोरात गुंफले जात नाही. हे गर्भहिमोग्लोबिन भारतीय रुग्णांत मुळातच अधिक असते, तेव्हा येथला आजार सौम्य, असे एकेकाळी म्हटले जाई; विदर्भातील मुलांच्या बाबतीत ते फारसे टिकले नाही. मेडिकलमधील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली असे दाखविले की, वजनाच्या दर किलोस रोज १० मिलिग्रॅम अशी थोडी, ठरीव मात्राही आजार तीव्र असलेल्या मुलांच्या कळा पुष्कळ कमी करते. गोळी महाग नाही. रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकावरच कात्री चालविणाऱ्या उपचारालाही मान्यता मिळाली. ती कात्रीसुद्धा एक विकरच. किंमत सुमारे २२ लाख डॉलर. तेव्हा तूर्त आपण गोळीविषयीच बोललेले बरे.

सरकारी पातळीवर १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे लक्ष्य आहे. त्याआधी नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्यांनी रुग्णांना संघटित केले, ज्याबद्दल त्यांस २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्याने सिकलसेलला अपंगत्वांच्या यादीत घेतले, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याच कायद्यातील सरकारी नोकऱ्यांच्या चार टक्के राखीव जागा ज्या प्रकारांना दिल्या आहेत, त्यांत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे कॉलेजात जागा आहे, कचेरीत नाही. एसएस असलेला मुलगा शिकून बाहेर पडतो आणि कंत्राटदाराच्या दारात येऊन उभा राहतो, जेथे महिन्यातून चार खाडे झाले की पाचव्या दिवशी दुसरा माणूस हजर असतो. त्याच्या हातात आज कागद आहे. आम्ही तो आता वाचतो, आणि मालकाला वाचून दाखवितो. राज्य विमा लागू असेल तर आजारपणाच्या ९१ दिवसांच्या रजेत ७० टक्के मजुरी मिळते, हेही सांगतो. कधी चालते, कधी चालत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कचेरीत तपासणी ठेवली होती. पहिली चाचणी अगदी साधी आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो एका द्रावणात टाकतात. त्यातील डायथायोनाइट प्राणवायू काढून घेते. पाच मिनिटे थांबावयाचे. नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरतात. नळी नितळ राहून रेघा दिसल्या तर एस नाही. दोर वळून द्रावण गढूळ झाले आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर एस आहे. मग एक की दोन, हे पाहण्यासाठी विजेची तपासणी, इटानोच्याच जातीची.

रांगेत आमची पुतणी होती. बंधू गेले तेव्हा ती दोन वर्षांची. आता खासगी शाळेत शिकविते. तिचे लग्न ठरत होते. तिची नळी गढूळ होणार हे आम्हांस आधीच ठाऊक होते, कारण बापाकडे द्यावयास एस वाचून दुसरे अक्षरच नव्हते. ती वाकून रेघा शोधीत राहिली. मग तिने प्रयोगशाळेतील मुलाला विचारले की, अशा नळ्या आणखी आहेत काय, आणि बाहेर जाऊन फाटकाशी मोटारसायकल लावून उभ्या असलेल्या मुलाला हाताला धरून आत घेऊन आली.